'तर' आणि 'तरच'

घाटंजीसारख्या तालुक्याच्या गावी मराठी घेऊन एम.ए. झालेला विद्यार्थी नेट-सेटच्या तयारीला लागतो, तेव्हा त्याला ज्ञानेश्वरीची धास्ती वाटत नाही. भाषाविज्ञानाचीही फारशी वाटत नाही. त्याला धडकी भरते ती पहिल्या पत्रिकेची. पन्नास प्रश्न, शंभर गुण, आणि त्यात तक्ते, टक्केवारी, आकृत्या यांच्या जोडीला तार्किक युक्तिवादाचे एक स्वतंत्र प्रकरण. साहित्याच्या माणसाला हे कशाला, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. खरे सांगायचे तर तो आम्हा अध्यापकांपैकी अनेकांच्याही मनात असतो. या प्रश्नाचे उत्तर परीक्षेच्या उपयुक्ततेत शोधण्यापेक्षा इतिहासात शोधावे, असे मला वाटते. कारण जून २०१९ पासून नेटचा जो नवा अभ्यासक्रम लागू झाला, त्यात याच प्रकरणात भारतीय तर्कशास्त्राचा समावेश झाला आहे. प्रमाणे, अनुमान, व्याप्ती, हेत्वाभास. काव्यशास्त्र शिकवताना ज्या संज्ञा आपण फळ्यावर लिहीत आलो, त्याच आता परक्या वाटणाऱ्या पत्रिकेत येऊन बसल्या आहेत.

या प्रकरणातला सर्वांत फसवा प्रश्न 'जर-तर'चा असतो. एक साधा नमुना घेऊ. 'कापूस ओला असेल तर भाव कमी मिळतो. भाव कमी मिळाला. म्हणून कापूस ओला होता.' निष्कर्ष बरोबर की चूक? कापसाच्या मुलखातला विद्यार्थी येथे सहसा फसत नाही. भाव कमी मिळण्याला दहा कारणे असतात हे त्याला ठाऊक असते: कापसात कचरा असेल, धागा आखूड असेल, बाजारच पडला असेल, व्यापाऱ्याने अडवून घेतले असेल. पण हाच प्रश्न 'जर क असेल तर ख असतो, ख आहे, म्हणून क आहे' अशा कोऱ्या अक्षरांत मांडला की तोच विद्यार्थी बेधडक 'बरोबर'वर खूण करतो.

ही गंमत केवळ आपल्याकडची नाही. पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने १९६६ साली चार पत्त्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. पत्त्याच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला आकडा. नियम असा की एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते. समोर ई, के, ४ आणि ७ असे चार पत्ते. नियम खरा की खोटा हे ठरवण्यासाठी कोणते पत्ते उलटून पाहावे लागतील? बहुतेक लोक ई आणि ४ उलटतात. वास्तविक ४ च्या मागे काहीही निघाले तरी नियमाला धक्का लागत नाही. उलटायला हवा तो ७, कारण त्याच्या मागे स्वर निघाला तर नियम मोडला. सुशिक्षितांपैकी दहात एकालाही हे नीट साधले नाही. पुढे १९८२ साली ग्रिग्ज आणि कॉक्स यांनी हाच प्रश्न दारू पिण्याच्या वयाच्या नियमात बसवून विचारला, तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश लोकांचे उत्तर बरोबर आले. म्हणजे आकार तोच, पण ओळखीच्या व्यवहारात बुद्धी जागी असते आणि अनोळखी आवारात तिला झोप लागते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे ती फार वेगळ्या ठिकाणी भेटणार आहे.

आधी आकार स्पष्ट करून घेऊ. 'जर'च्या मागे येणारे ते पूर्वांग, 'तर'च्या मागे येणारे ते उत्तरांग. पूर्वांग मान्य केले की उत्तरांग मान्य करावे लागते. उत्तरांग नाकारले की पूर्वांगही नाकारावे लागते. भाव कमी मिळालाच नसेल तर कापूस ओला नव्हता. या दोन वाटा सरळ आहेत. उरलेल्या दोन वाटा खड्ड्यात नेतात: उत्तरांग मान्य करून पूर्वांगाकडे उलटे जाणे, आणि पूर्वांग नाकारून उत्तरांगही नाकारणे ('कापूस ओला नव्हता, म्हणून भाव कमी मिळाला नसणार'). मराठीने हा भेद एका अक्षरात साठवला आहे. 'तर' म्हटले की पुरेशी अट सांगितली जाते. 'तरच' म्हटले की आवश्यक अट. 'ओलावा कमी असेल तर कापूस घेतील' आणि 'ओलावा कमी असेल तरच कापूस घेतील' ही दोन वाक्ये एक नव्हेत. सीसीआयच्या केंद्रावर ८ टक्क्यांपर्यंत ओलाव्याला पूर्ण हमीभाव, ८ ते १२ टक्क्यांना कपात, आणि १२ च्या वर खरेदी नाही, असा नियम आहे. पण ओलावा १० टक्के भरला म्हणून कापूस घेतला जाईलच असे कोणी सांगत नाही. नोंदणी, कागदपत्रे, केंद्र चालू असणे, सगळेच लागते. इथले 'तरच' केंद्रावरून परत आलेल्या गाडीवानाला जितके नीट कळलेले असते, तितके व्याकरणाच्या पुस्तकाने क्वचितच कोणाला शिकवले असेल. बोलताना मात्र आपण हा 'च' सर्रास गाळतो आणि ऐकणारा तो आपल्या सोयीने घालून घेतो.

या चुकीला नाव देण्याचे काम दोन परंपरांनी केले. ॲरिस्टॉटलने वाद घालताना होणाऱ्या चुकांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात तो म्हणतो की पाऊस पडला की जमीन ओली होते, म्हणून जमीन ओली दिसली की पाऊस पडला असे लोक समजतात. त्याच ठिकाणी तो दुसरे उदाहरण देतो, आणि ते अधिक बोलके आहे. एखादा माणूस परस्त्रीगामी आहे हे सिद्ध करण्यासाठी वक्ते काय करतात? तो नटूनथटून राहतो, रात्री हिंडताना दिसतो, असे दाखवतात. पण नटणारे आणि रात्री हिंडणारे सगळेच काही तसे नसतात. योगायोग असा की आपल्या न्यायशास्त्रात याच जातीच्या दोषाला 'व्यभिचार' म्हणतात. हेतू साध्याशी एकनिष्ठ राहत नाही, साध्य नसेल तेथेही सापडतो, म्हणून तो व्यभिचारी, सव्यभिचार किंवा अनैकान्तिक. वर्गात हा शब्द उच्चारला की मागच्या बाकांवर खसखस पिकते. ॲरिस्टॉटलचे उदाहरण सांगितल्यावर ती दुप्पट होते आणि दोष मात्र कायमचा लक्षात राहतो.

न्यायाचे ठेवणीतले उदाहरण धूर आणि अग्नी यांचे. जेथे धूर तेथे अग्नी, ही व्याप्ती. धूर हा व्याप्य, अग्नी हा व्यापक. लहान वर्तुळ मोठ्या वर्तुळात बसते. स्वयंपाकघरात धूर असतो आणि अग्नीही असतो, हा अन्वय. तळ्यात अग्नी नसतो आणि धूरही नसतो, हा व्यतिरेक. वर सांगितलेल्या दोन सरळ वाटा त्या याच. आता वाक्य उलटे करू: जेथे अग्नी तेथे धूर. नैयायिक ताबडतोब लाल तापलेला लोखंडाचा गोळा पुढे करतात. त्यात अग्नी आहे, धूर नाही. व्याप्ती उलटी होत नाही.

एवढ्यावर ते थांबले असते तरी पुरे होते. पण त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, आणि माझ्या मते भारतीय तर्कशास्त्राचे खरे वैभव त्या प्रश्नात आहे. अग्नी असताना कधी धूर असतो आणि कधी नसतो, तर मग धूर असतो तेव्हा अधिकचे काय असते? उत्तर: ओले जळण. याला त्यांनी 'उपाधी' म्हटले. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त हे उदाहरण व्याप्यत्वासिद्ध हेत्वाभासाखाली येते. उपाधीचे लक्षणही मोठे नेमके आहे: ती साध्याला व्यापते, पण हेतूला व्यापत नाही. धूर आहे तेथे ओले जळण असतेच. अग्नी आहे तेथे असतेच असे नाही. हे समजायला आमच्याकडे पोथी लागत नाही. हंगाम संपला की शेतातून उपटलेल्या पऱ्हाट्या धुऱ्यावर रचल्या जातात. सुक्या पऱ्हाट्यांचा जाळ भडकतो आणि धूर नावाला निघतो. अवकाळी पावसात भिजलेल्या पऱ्हाट्या पेटवल्या की सगळे शिवार धुरकटते. निखाऱ्यावर आले की धूर संपतो, विस्तव राहतो. उलट्या अनुमानाला केवळ 'चूक' म्हणून न सोडता, ते कोणत्या न सांगितलेल्या अटीवर खरे ठरले असते हे शोधणे, म्हणजे उपाधी शोधणे. परीक्षेतला पर्याय ओळखण्यापेक्षा ही सवय किती तरी मोलाची आहे.

आधुनिक महाराष्ट्राने या शास्त्राची जी सेवा केली तिचा विस्तार येथे करीत नाही, पण एका घराण्याचे नाव घेतल्यावाचून राहवत नाही. विजापूरकडच्या झळकीकर घराण्यातील भीमाचार्यांनी 'न्यायकोश' हा न्यायसंज्ञांचा प्रचंड कोश सिद्ध केला, तर वामनाचार्यांनी मम्मटाच्या 'काव्यप्रकाशा'वर 'बालबोधिनी' ही टीका लिहिली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई-पुण्याच्या महाविद्यालयांमध्ये वावरलेल्या या शास्त्र्यांना तर्क आणि काव्य हे दोन वेगळे विभाग आहेत असे कधी वाटले नसावे. यशवंत वासुदेव आठल्ये यांची 'तर्कसंग्रहा'ची आवृत्ती १८९७ ची. आणि १९८३ साली पुण्यात मे. पुं. रेगे आदींच्या पुढाकाराने पाश्चात्त्य तर्कशास्त्रातील 'विधान' या संकल्पनेवर जुन्या पद्धतीच्या पंडितांशी चर्चा घडवून आणली गेली, ती याच प्रवाहातली.

तर्क आणि काव्य एकत्र येण्याचा सर्वांत रम्य प्रसंग मात्र फार जुना आहे आणि तो थेट गोदावरीच्या काठावर घडतो. हालाच्या 'गाथासप्तशती'त, म्हणजे आपल्या भाषेच्या पूर्वज असलेल्या महाराष्ट्री प्राकृतात, एक गाथा आहे. नदीकाठच्या झुडपात एका स्त्रीचे संकेतस्थळ आहे. तेथे फुले तोडायला एक धार्मिक गृहस्थ येऊ लागतो आणि तिची पंचाईत होते. ती त्याला सांगते की बाबा, आता निर्धास्त हिंड. तुला त्रास देणाऱ्या त्या कुत्र्याला गोदाकाठच्या झाडीत राहणाऱ्या सिंहाने आज मारले. शब्दांत 'हिंड' आहे. कळते ते 'चुकूनही फिरकू नकोस'. नवव्या शतकात आनंदवर्धनाने ध्वनीचे उदाहरण म्हणून ही गाथा घेतली: वाच्यार्थ विधिरूप, व्यंग्यार्थ निषेधरूप. तेव्हापासून काव्यशास्त्राच्या तासाला ती टळत नाही.

अकराव्या शतकात महिमभट्टाने 'व्यक्तिविवेका'त यावर हरकत घेतली. व्यंजना नावाची वेगळी शक्ती मानण्याची गरजच काय? हे सरळ अनुमान आहे. भित्रा माणूस जेथे हिंडतो तेथे भयाचे कारण नाही अशी त्याची खात्री असते; येथे तर सिंह आहे; म्हणून तो येथे हिंडणार नाही. आपल्या भाषेत सांगायचे तर महिमभट्टाने एक 'जर-तर' घेतले, त्याचे उत्तरांग नाकारले आणि पूर्वांग नाकारले. आकार निर्दोष आहे. आजच्या पत्रिकेत हा प्रश्न आला तर 'वैध' हाच पर्याय बरोबर.

मम्मटाने 'काव्यप्रकाशा'च्या पाचव्या उल्लासात त्याला जे उत्तर दिले ते म्हणूनच अभ्यासण्याजोगे आहे. तो आकाराला हात लावत नाही. व्याप्तीलाच हात घालतो. भित्रा माणूससुद्धा गुरूच्या किंवा धन्याच्या आज्ञेने, किंवा प्रियेच्या ओढीने, भयाचे कारण असलेल्या ठिकाणी जातो. म्हणजे हेतू अनैकान्तिक झाला. दुसरे असे की एखादा कुत्र्याला भिऊनही पराक्रमी असल्यामुळे सिंहाला भिणार नाही. म्हणजे हेतू विरुद्धही ठरला. आणि तिसरे, मला सर्वांत आवडणारे: गोदाकाठी सिंह आहे हे ठरवले कोणी? ना प्रत्यक्षाने, ना अनुमानाने. ते एका बाईच्या शब्दावरून कळले, आणि तिचा शब्द प्रमाण मानावा अशी तिची ख्याती नाही. हेतूच असिद्ध. (त्या बाईवरचा हा शेरा आज खटकतो हे खरे, पण सांगणाऱ्याचा त्या सांगण्यात काय स्वार्थ आहे, हे पाहा, असा त्याचा तार्किक आशय घ्यायला हरकत नसावी.) आणि एवढे सगळे दोष असूनही वाचकाला 'जाऊ नकोस' हा अर्थ कळतोच. सदोष हेतूतून साध्य सिद्ध होत नसते. येथे तर अर्थ लख्ख उमटतो. तेव्हा अर्थ कळण्याची ही रीत अनुमानाहून वेगळी असली पाहिजे.

ग. त्र्यं. देशपांडे यांच्या 'भारतीय साहित्यशास्त्रा'तून आणि अर्जुनवाडकर-मंगरूळकरांच्या 'काव्यप्रकाशा'तून हा वाद आपल्यापर्यंत आला. पण आपण तो बहुधा 'व्यंजनेचा विजय' एवढ्या मथळ्याखाली शिकवतो आणि पुढे जातो. त्यातली खरी गोम अशी आहे की मम्मटाने दोन प्रदेश वेगळे केले. सुचणे हा एक व्यवहार, सिद्ध होणे हा दुसरा. सुचलेल्या अर्थाला व्याप्तीची जामीन लागत नाही. म्हणून कवीला मोकळीक आहे. पण जेथे निष्कर्षावरून कोणाला दंड व्हायचा असतो, तेथे सुचण्यावर भागत नाही.

आणि तेथेच भागवले गेल्याचा एक मोठा इतिहास आपल्या मागे आहे. १८७१ सालच्या गुन्हेगार जमाती कायद्याचे विधेयक मांडताना जो युक्तिवाद झाला तो थोडक्यात असा: या देशात विणकराचा मुलगा विणकर होतो, सुताराचा सुतार; धंदे पिढीजात असतात; तेव्हा गुन्हा हाही काही जमातींचा पिढीजात धंदा असणार. 'काही धंदे पिढीजात असतात' येथून 'गुन्हा हा पिढीजात धंदा आहे' येथपर्यंतची उडी न्यायाच्या पहिल्या वर्गातल्या विद्यार्थ्यानेही अडवली असती. पण खरी उलटापालट पुढे झाली. पकडलेल्या काही दरोडेखोरांमध्ये अमुक जमातीचे लोक आढळले, यावरून अमुक जमातीत जन्मला तो दरोडेखोर, असा निष्कर्ष घेतला गेला आणि तो राजपत्रात छापला गेला. अशा अधिसूचनेच्या वैधतेबद्दल कोणत्याही न्यायालयाने प्रश्न विचारू नये, अशी तरतूद कायद्यातच होती. व्यभिचार दाखवण्याची सोयच काढून घेतली होती. आरंभी उत्तर हिंदुस्थानासाठी असलेला हा कायदा १९११ च्या दुरुस्तीने सर्व ब्रिटिश हिंदुस्थानाला लागू झाला, १९२४ मध्ये त्याची पुन्हा एकत्र मांडणी झाली, आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो रद्द झाला. ज्या जमाती त्या दिवशी सुटल्या त्या 'विमुक्त'. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत बंजारा समाज आहे; वसंतराव नाईकांच्या रूपाने ज्या समाजाने राज्याला सर्वाधिक काळ सलग मुख्यमंत्री दिला (१९६३ ते १९७५), तो समाज, आणि तो मुख्यमंत्री याच यवतमाळ जिल्ह्यातल्या गहुलीचा.

या कायद्याचे सर्वांत क्रूर उपकरण हजेरी. त्यामागचा तर्क पाहण्यासारखा आहे. कोणी रात्री दूरच्या गावी चोरी केली तर तो हजेरीला नसणार, हे विधान ढोबळमानाने बरोबर धरू. ते उलटले: अमका हजेरीला नव्हता, म्हणून त्याने चोरी केली. तो आजारी मुलासाठी वैद्याकडे गेला असेल, मजुरी शोधायला गेला असेल, कंटाळून नातेवाइकांकडे गेला असेल. ओल्या जळणाचा विचार कोणी करायचा? शासनयंत्रणेला हा तर्कदोष अडचणीचा वाटला असेलच तर तिने त्यावर अजब तोड काढली. परवान्यावाचून गैरहजर राहणे हाच गुन्हा केला. चिन्हावरून गुन्ह्याचे अनुमान करण्याची गरजच उरली नाही. चिन्ह हाच गुन्हा झाला. ॲरिस्टॉटलच्या वक्त्याला निदान श्रोत्यांची मने वळवावी लागत होती. येथे रात्री हिंडणे पुरे होते.

अण्णा भाऊ साठे यांच्या 'फकिरा' (१९५९) या कादंबरीत मांग समाजावर लादलेली ही हजेरी आपण वाचतो, तेव्हा वर्गातली चर्चा शौर्य आणि बंड यांच्याकडे वळते. ते ठीकच आहे. पण त्या हजेरीच्या मुळाशी एक उलटे वाक्य आहे, हे विद्यार्थ्यांच्या नजरेस आणून दिले की कादंबरी वेगळी वाचली जाते. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) ही आत्मकथने आपण दलित-भटके साहित्याच्या पत्रिकेत नेमतो. 'उचल्या' या शब्दात तर जमातीचे नाव आणि तिच्यावरचा आरोप एकच झाले आहेत. व्याप्य आणि व्यापक यांच्यामधली रेघच पुसली गेली आहे. कायदा जाऊन सत्तर वर्षे उलटली. पण गावात चोरी झाली की संशयाचे बोट आधी पारधी बेड्याकडे वळते, हे वऱ्हाडात कोणाला सांगायला नको. बोट दाखवणारा कापसाच्या भावाबद्दल बोलताना कधी असा घसरत नाही. त्याला भाव पडण्याची दहा कारणे माहीत असतात, कारण तो बाजारात उभा राहिलेला असतो. बेड्यावर तो कधी गेलेलाच नसतो. वेसनच्या पत्त्यांवरचे कोरे अक्षर आणि न पाहिलेली वस्ती यांत बुद्धीच्या दृष्टीने फारसा फरक नसावा.

आता 'तरच'कडे येतो, कारण या जिल्ह्यात त्या अक्षराने फार मोठे काम केले आहे. शेतकरी आत्महत्यांच्या संदर्भात यवतमाळचे नाव देशभर घेतले जाते. २००६ च्या जानेवारीतील शासन निर्णयाने अशा कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत ठरली, आणि त्यासाठी निकष ठरले: नापिकी, बँक, सहकारी संस्था किंवा परवानाधारक सावकार यांचे कर्ज, आणि परतफेडीचा तगादा. जमीन नावावर असल्याचा सातबारा हवा. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती प्रकरणे तपासते आणि 'पात्र' किंवा 'अपात्र' असा शेरा देते. हे निकष म्हणजे 'तरच'ची वाक्ये आहेत. अमुक कागद असेल तरच मदत. सरकारी तिजोरीतून पैसा द्यायचा तर काही अटी घालाव्या लागतात, हे समजू शकते. समितीने आपल्याच नियमाप्रमाणे 'अपात्र' म्हटले यात तर्काची चूक नाही. अटी न्याय्य आहेत का हा प्रश्न वेगळा, आणि तो विचारलाच पाहिजे. विनापरवाना सावकाराचे कर्ज कागदावर दिसत नाही म्हणून ते कर्ज नव्हते असे होत नाही.

तर्काची चूक होते ती हा शेरा वाचणाऱ्याकडून. 'पात्र असेल तर ती शेतकरी आत्महत्या' येथून 'अपात्र, म्हणून ती शेतकरी आत्महत्या नव्हेच' येथे आपण येतो. पूर्वांग नाकारून उत्तरांग नाकारणे: चार वाटांपैकी शेवटची. वर्तमानपत्रात इतकी प्रकरणे, त्यांतली इतकी पात्र, असे दोन आकडे शेजारी छापले जातात, आणि चहाच्या टपरीवर कोणीतरी म्हणतो की बाकीचे दारूपायी गेले असतील. म्हणणाऱ्याला आपण अनुमान करतो आहोत याची जाणीव नसते. 'अपात्र' हा मदतीच्या योजनेतला शब्द आहे. तो मरणाच्या कारणाबद्दल काही सांगत नाही. पण शब्दाला व्यंजना असते, आणि या शब्दाची व्यंजना फार वाईट आहे. मम्मटाने गाथेपुरते जे वेगळे केले, ते येथे एक होऊन बसते: सुचले तेच सिद्ध झाल्यासारखे वाटते.

या 'तरच'चा सर्वांत मोठा फटका बायकांना बसतो. कापूस वेचणारी बाई, सरकी टोबणारी, डवरणीमागे निंदण करणारी, मक्त्याने घेतलेले वावर करणारी बाई शेतकरी आहे की नाही? काम पाहाल तर आहे. सातबारा पाहाल तर बहुधा नाही. सातबाऱ्यावर नाव असेल तर शेतकरी, हे एक वाक्य. नाव असेल तरच शेतकरी, हे दुसरे. पहिले खरे मानायला हरकत नाही. दुसऱ्याने तिला कागदाबाहेर ठेवले. तिने जीव दिला तर नोंद 'शेतमजूर' किंवा 'गृहिणी' म्हणून होते, आणि वर्षअखेरीस कोणी आकडे काढतो तेव्हा त्या रकान्यांतून शेतकरी बायका कमी आत्महत्या करतात असा निष्कर्षही निघतो. मागच्या वर्षी एम.ए.च्या वर्गात मी ही दोन वाक्ये फळ्यावर एकाखाली एक लिहिली आणि फरक विचारला. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग खिडकीजवळच्या बाकावरून एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, माझी आई दुसऱ्या वाक्यात बसत नाही."